शेजाऱ्यांची बदली आणि आमची सायकल

बाजार मोकळा झाल्याचं वर्तमानपत्रं रोज सांगत होती, त्या वर्षांत आम्ही दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सोसायटीच्या फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते. बस मात्र तिथवर येत नव्हती. बायकोला चार सेक्टर पलीकडच्या नव्या शाळेत नोकरी मिळाली होती. जुलैत शाळा उघडेल त्या सकाळी प्रार्थनेला हजर नसाल तर जागा दुसऱ्या बाईंना देऊ, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं. त्या रस्त्यावर ना रिक्षा होत्या, ना सावली.

“सायकल घ्या,” बायको म्हणाली. “कुठलीही. पण शाळा उघडायच्या आत.”

मी केंद्र सरकारचा नोकर. सगळ्यांची मतं मागवल्याशिवाय मला निर्णय घेता येत नसे. ऑफिसातला एक म्हणाला, नवीच घ्या. दुसरा म्हणाला, आयती नवी कधी घेऊ नका; फ्रेम एकीकडची, रिम दुसरीकडची, अशी समोर बसून बांधून घ्या. झंडेवालानच्या सायकलबाजारात गेलो तर कळलं, नवी सायकलही सुट्या भागांतच येते आणि दुकानदारच ती जोडतो. मग फरक काय?

“फ़र्क़ ये है साहब,” दुकानदार म्हणाला, “कि नई में आप पूछते नहीं.”

मी आणखी गोंधळून परतलो आणि क्वार्टरवाल्यांचा हमखास मार्ग धरला. तिथे कुणाची बदली निघाली की त्यांच्या कूलरवर, पलंगावर शेजारी आपलं नाव सांगून ठेवतात. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची मद्रासला बदली निघाली होती. तिथल्या वहिनींच्या सायकलवर मी नाव सांगून ठेवलं. तिचं सीट, टायर, चेन, सगळं नुकतंच बदललेलं. जुनी म्हणावी अशी फक्त फ्रेम. हिला जुनी का म्हणायचं, हेही मला कळेना. पण बदलीचा हुकूम निघालेला होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सायकल आणायला गेलो, तर वहिनींनी पेढा पुढे केला.

“भावोजी, बदली रद्द झाली.”

“अभिनंदन,” मी म्हणालो. सांत्वनाला आल्यासारखा आवाज निघाला.

“सायकल तुमच्यासाठी पुसून ठेवली होती हो. पण आता मलाच लागेल ना.”

पेढा चांगला होता. दुसराही खाल्ला. आनंद होतोय की राग येतोय, हे दोन पेढे संपले तरी ठरेना.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे त्यांचं बिऱ्हाड मद्रासला गेलं, तरच मी शाळेत जाणार होते?”

“तसं नाही, पण हुकूम…”

“अच्छा. चला, चपला घाला.”

झंडेवालानात तिने समोरच्याच एका नव्या सायकलीकडे बोट दाखवून दुकानदाराला सीट खाली करायला लावलं, मागे कॅरिअर बसवून घेतलं. मी रिमबद्दल तोंड उघडलं, तेव्हा ती गल्लीत एक फेरी मारून आलीही होती. कॉलेजनंतर पहिल्यांदाच. हँडल बरंच डुगडुगत होतं.

सकाळी चौकीदाराने तिला सिंहांपाशी अडवलं. “मैडम, साइकिल पिछले गेट से. दूधवाले वहीं से जाते हैं.”

“दूधवाले वक़्त पर पहुँचते हैं?” तिने विचारलं आणि मागच्या फाटकाकडे वळली.

दुपारी परत आली तेव्हा साडीच्या काठाला वंगण होतं.

“प्रार्थना?” मी विचारलं.

“शेवटची ओळ मिळाली. चेन उतरली होती वाटेत. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं, माझे काळे हात बघितले, आणि पाचवीचा वर्ग दाखवला.”