बन्सी चावीवाल्याची चाल

पंचाहत्तर सालच्या थंडीत सोजराबाईला एक वाईट सवय लागली. नवरा ड्यूटीवरून येऊन जेवायला बसला, की भाकरी वाढायच्या निमित्तानं ती वाकायची आणि त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा घामाचा, रुळावरच्या वंगणाचा. दारूचा कधीच नाही. पण एकदा मनात शंका शिरली की वास न येणं हासुद्धा पुरावाच वाटतो. ‘बडीशेप खाऊन येत असतील,’ असं म्हणत ती दुसऱ्या दिवशी कोटाचे खिसे उलटे करून बडीशेप शोधायची.

तिचा नवरा बन्सी रेल्वेत चावीवाला होता. यवतच्या दोन्ही अंगांची लाइन रोज पायी तुडवायची, रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणारी चावी कुठं ढिली दिसली तर हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. वस्तीत मात्र त्याचा मान होता तो दुसऱ्याच कामासाठी. छप्पन साली नागपूरला जाऊन तो दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून विहारात त्रिशरण-पंचशील तोच द्यायचा. लग्न असो, नामकरण असो, बन्सीनं एक ओळ म्हणायची आणि साऱ्या वस्तीनं ती मागून म्हणायची. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना त्याचा आवाज असा काही चढायचा की मागं बसलेले दोन-चार जण हमखास जमिनीकडं बघायचे.

असा माणूस, आणि आता त्याची ही तऱ्हा. पाय घासत चालायचा. बोलणं खोल गेलेलं, शब्द एकमेकांत मिसळलेले. उजवा हात मांडीवर पडला की अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायचे, तंबाखू मळल्यासारखे. आणि तळहातावर तंबाखूचा कण नाही. हसणं तर पार आटलं होतं. एकदा सोजराच्या हातून तव्यावर बोंबील करपला. शेजारपाजारचे खोकत बाहेर आले, आणि हा बाबा खाली मान घालून तोच करपलेला बोंबील खात होता. नाकच मेलंय ह्यांचं, तिनं ठरवलं. दारूनंच मरतं.

सगळ्यात जास्त खटकायची ती एक गोष्ट. हातोडा उचलला की हात एकदम गप. नुसता बसला की थरथर. घरात तेवढी थरथर, कामावर काही नाही, ह्याला नाटक नाही तर काय म्हणायचं?

एका दुपारी शेण्या गोळा करायला म्हणून ती लायनीकडं गेली आणि बाभळीआड उभी राहिली. बन्सी दौंडच्या बाजूनं येत होता. एका स्लीपरवरून दुसऱ्यावर, मोजून टाकल्यासारखी पावलं, परेडमधल्या शिपायासारखा ताठ. सोजराचा जीव क्षणभर सुखावला. मग तो रूळ सोडून वस्तीच्या वाटेला लागला. दहा पावलांत पाय फरफटू लागले. अंग पुढं झुकलं, पावलं बारीक आणि घाईची झाली. वळणावर बानूबाईच्या झोपडीसमोर तर तो जागच्या जागी थांबला. बानूबाई हातभट्टी विकायची हे यवतच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बन्सी तिच्या दाराकडं तोंड करून कितीतरी वेळ उभा राहिला, आणि मग एकदम धक्का बसल्यासारखा पुढं निघाला.

झालं. सोजराला आणखी काय पाहिजे होतं? आत गेला नाही हे तिनं डोळ्यांनी पाहिलं, पण मन म्हणालं, आज तू दिसली असशील म्हणून गेला नाही.

दुसऱ्या सकाळी ती बानूबाईच्या दारात उभी राहिली.

“खरं सांग. आमचे मालक येत्यात का तुझ्याकडं?”

“तुझा मालक?” बानूबाई हसली. “आगं, माझ्या दारावरनं जाताना त्यो नाक वर करून जातुया. गिऱ्हाईक असता तर लपवून मला काय मिळणार हाय?”

सोजराला ते पटलं नाही. आणि तिला दिसलाही नाही आत भिंतीला टेकून बसलेला मच्छिंद्र, पाचव्या शीलाला जमिनीकडं बघणाऱ्यांतला पहिला मानकरी. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं: बन्सीची बायको नवऱ्याला हुडकायला बानूच्या दारात गेली हुती. बायको उगाच जाईल का?

आठवड्यानं विहाराचा कारभार बघणारे आनंदराव घरी आले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच सोजरा दाराआड सरकली.

“बन्सी, औंदाच्या बुद्धपौर्णिमेला वंदना दुसरं कुणीतरी घेईल. लोक बोलत्यात. शील देणाऱ्याचा पाय सरळ पडाय पायजे.”

बन्सीच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. “एक थेंब न्हाई घेतला, आनंदराव,” तो म्हणाला, इतक्या हळू की आनंदरावांना ते ऐकूच गेलं नसावं. दाराआड उभी सोजरा बोलू शकली असती, की ही आग मीच लावली. ती बोलली नाही. कारण लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपली शंका खरी निघेल अशी तिला अजून आशा होती.

पुढं दौंडला रेल्वेची नेहमीची डॉक्टरी तपासणी आली. डॉक्टरांनी बन्सीला स्वतःचं नाव पाच वेळा लिहायला लावलं. पहिलं नाव वाचता आलं, पाचवं मुंगीएवढं झालं. त्यांनी त्याला चालवलं, वळवलं, मनगट धरून हात हलवून पाहिला आणि पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, “कंपवात आहे. इंग्रजीत पार्किन्सन म्हणतात.”

“दारूनं हुतं का ह्ये?” सोजरानं विचारलं. बन्सीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

“दारूचा काही संबंध नाही, बाई. मेंदूत एक रस तयार होतो, तो यांच्यात कमी पडतोय. म्हणून हात बसल्याजागी थरथरतो, अंग आखडतं, आवाज बसतो, चेहरा हलत नाही. कित्येकांचा वासही जातो.”

रोग मुळापासून जात नाही, पण लांबवता येतो, असं त्यांनी सांगितलं. थरथरीवर जुनी गोळी होती, तिनं तोंड कोरडं पडतं. नवी गोळी मेंदूला तो रसच पुरवते, पण ती मळमळवते, म्हणून थोडीथोडी वाढवत न्यायची. मुंबईला डोक्याचं ऑपरेशनही करतात, पण ते यांना आत्ता नको. सोजराची बहीण सिंधूबाई शिरूरच्या वैद्याकडून थरथरीवर म्हणून खाजकुइलीच्या बियांची भुकटी घेऊन आली होती; तीही सोजरानं पदरातून काढून दाखवली. डॉक्टर तिला हसले नाहीत. “यात थोडाफार तोच रस असतो. पण गोळीबरोबर ही दिली तर डोस किती झाला ते मला कळणार नाही. एकच काहीतरी.” डॉक्टर आणि वैद्य एकमेकांना सामील आहेत की काय, असंही तिला वाटून गेलं. खोड ती, एका दिवसात कशी जाणार?

शेवटी तिनं पोटातलं काढलंच. “मग रुळावर नीट कसं चालत्यात? म्या बघितलंय. वस्तीतच कसं अडकत्यात?”

डॉक्टर खुर्चीत पुढं झाले. “स्लीपरवर? अहो, पायापुढं आडवी रेघ दिसली की यांचा पाय ती ओलांडायला उठतो. सपाट जमिनीवर पायाला हुकूमच मिळत नाही. वळणावर, दारात तर जास्तच चिकटतो. घरी रेघा मारून बघा.”

येताना गाडीत सोजरा खिडकीबाहेर बघत राहिली. वीस वर्षं सरळ चाललेल्या माणसाच्या मागं ती बाभळीआडून हेरगिरी करत होती, आणि तिनं पाहिलं ते सगळं खरं होतं, फक्त अर्थ तेवढा तिचा होता. तिला रडू आलं नाही. स्वतःचा राग मात्र असा आला की दौंड लायनीवरचं एकही स्टेशन तिला दिसलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. आधी ओकाऱ्या झाल्या, मग हळूहळू अंग सैल झालं. रेल्वेनं त्याला सामानाच्या खोलीत बसून हातोडे-पाने द्यायचं काम दिलं. वस्तीत मात्र जुनीच कुजबुज चालू होती, आणि बन्सी विहाराकडं फिरकत नव्हता.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी सोजरानं भिंती रंगवून उरलेल्या चुन्याची बादली उचलली. उंबऱ्यापासून दीड-दीड हातावर ती आडवी रेघ ओढत निघाली, थेट विहाराच्या दिशेनं. बाया गोळा झाल्या. मच्छिंद्र म्हणाला, “वैनी, रेल्वे विहारापातूर नेता काय?”

ती बानूबाईच्या दारासमोर पोचली होती. तिथं ती उभी राहिली.

“व्हय, नेते. आन् समद्यांनी ऐका. ह्या दारात मालक कवाच आले न्हाईत. म्या आले हुते, त्यांच्यावर शक घिऊन. त्यांना मेंदूचा आजार हाय, डाक्टरानं लिहून दिलंय. डाग म्या लावला, म्याच पुसते.”

बानूबाई दारातून म्हणाली, “मी तवाच सांगितलं हुतं, पर माझं कोण ऐकतंय?”

पुढच्या रेघा ओढून सोजरा घरी परतली. पांढरा सदरा घातलेला बन्सी उंबऱ्यात उभा होता; त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं पहिली रेघ ओलांडली. दुसरी. मग पावलं सुटली, लांब, मोजकी, चावीवाल्याची. वळणावर तो अडला नाही. वस्ती दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती, आणि विहाराच्या दारातून आनंदराव आपण होऊन बाजूला सरले.

पण चुना दोन पावलं आधीच संपला होता. शेवटच्या रेघेनंतर नुसती माती. बन्सीचे पाय चिकटले. सोजरा पुढं झाली आणि तिनं आपलं पाऊल त्याच्या पायापुढं आडवं ठेवलं. त्यानं खाली पाहिलं, पाय उचलला आणि ते ओलांडलं. तिनं पुन्हा ठेवलं. तो दाराशी पोचला.

“माफ केलं का?” तिनं हळूच विचारलं आणि उत्तरासाठी त्याचा चेहरा शोधू लागली. चेहरा तसाच, दगडी, कोरा.

“तोंडाकडं नगं बघू, सोजरा,” बन्सी म्हणाला. “मी हसतोय.”