आईचा गोळाभात आणि माझं 'मला'

मंडळी, सकाळी इथे टाकलेला गोळाभाताचा व्हिडिओ मी काढून टाकलाय. बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सांगते.

सकाळी आमच्या नंदनवन कॉलनीतल्या घरी आई गोळाभात करत होती आणि मी मोबाइल धरून उभी होते. ती छान रंगात आली होती. "डाळ भरडच वाटा वं. बारीक केली तर गोळा दगडावानी होते. अन् वरून गरम तेल पाहिजेच, मले तर त्याच्याबिगर घास उतरत नाही."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. म्हटलं, "आई, मले नाही, मला म्हण. पुण्या-मुंबईचे लोक पाहतात. हसतील."

ती बरं म्हणाली. पुन्हा शूट केलं, तर या वेळी एक शब्द बोलली नाही. नुसते हात चालत होते. मी त्यावर गाणं लावून व्हिडिओ टाकला. तुम्ही कौतुकही केलंत.

दुपारी जेवायला बसले, भातावर गोळा कुस्करला. आई तेलाची पळी घेऊन आली आणि जरा थांबून, जपून म्हणाली, "तुला तेल वाढू का?"

आजवर मला 'तुले' म्हणत आलेली माझी आई, आमच्याच घरात, माझ्याशी. मला मान वर करता आली नाही.

तिच्या बोलण्याचा पहिला व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. तो टाकू का विचारलं, तर म्हणाली, "नको. लोक हसतील."

खरं सांगा, तुम्ही हसला असता?