क्लबाचं शेपूट

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दात डॉक्टर काढतात, फोन मी उचलते. "डॉक्टर आत्ताच बाहेर पडले", "आज एकही वेळ शिल्लक नाही" आणि "अजिबात दुखणार नाही" ही तीन वाक्यं मी वीस वर्षं म्हणत आलेय आणि तिन्ही बहुतेक वेळा खोटी असतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते मला इतकं सहज कसं जमलं, असं कोणी विचारायला नको.

आमच्या भागात डोंगर चढणाऱ्यांचा एक क्लब आहे. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी बसने जायचं, एखादा डोंगर चढायचा, वर बसून डबे खायचे आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. मी त्या क्लबाची सचिव. अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर, ते सगळ्यांत पुढे चालतात. सगळ्यांत मागे चालायचे ते चष्मेवाले काका. या शेवटच्या माणसाला आम्ही शेपूट म्हणतो. नियम एकच, शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही. काका बावीस वर्षं आमचं शेपूट होते.

काकांचं चष्म्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. एका माणसाला धड वळता येत नाही एवढं अरुंद. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणारी अक्षरं, एक आरसा आणि काच घासायचं यंत्र. तिळाएवढा स्क्रू फ्रेममध्ये बसवताना काका श्वास रोखून धरतात आणि बसला की खुशीत "हं" म्हणतात. डोंगरावरही त्यांची पद्धत तशीच होती. निघताना माणसं मोजायची, प्रत्येक फाट्यावर मोजायची आणि उतरल्यावर पुन्हा मोजायची. कोणाला दम लागला की "चला, चला" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. ते स्वतःच खाली बसायचे आणि गुडघा चोळायचे. "थांबा हो जरा, हा गुडघा ऐकत नाही माझं." मग दमलेला माणूस बिचारा त्यांच्यासाठी थांबायचा आणि तेवढ्यात त्याचा श्वास जागेवर यायचा. पहिल्या फेरीत मी घामाघूम होऊन रडकुंडीला आले होते, तेव्हा मीही या गुडघ्याला फसले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "एका म्हाताऱ्या काकांना मी आज सांभाळून आणलं!" दोन वर्षांनी खरं काय ते कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे त्यांचा गुडघा खरंच दुखायला लागला. नाटक संपून दुखणं कधी सुरू झालं हे आम्हाला कळलंच नाही. कळलं ते बस चुकली तेव्हा. मग दुसऱ्यांदा चुकली. तेवीस माणसं दोन तास थांब्यावर ताटकळली आणि सरांचा पारा चढला. "शेपटानेच ब्रेक लावला तर अंगाने जायचं कुठे?" लोक हसले. मीही हसले. काका थोडे लांब बसून बूट झटकत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.

काकांना आता येऊ नका असं सांगायचं ठरलं. कोणी सांगायचं, तर सचिवांनी! काकांकडे मोबाईल नाही, दुकानात जुना फोन आहे. त्यामुळे दर महिन्याला फेरीची वेळ मीच त्यांना फोन करून कळवायची. तसा मी फोन केला. "काका, तुमच्या गुडघ्याला आता आराम हवा," एवढं म्हणायचं होतं. तिकडून नेहमीचा उत्साही आवाज आला, "बोल गं, कुठे जायचंय?" माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, "काका, या महिन्याची फेरी रद्द. माणसं जमत नाहीत."

वेळ मारून नेली. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तर मी म्हणाले, "क्लब बंद पडल्यातच जमा आहे हो."  काका म्हणाले, "असं होऊ नये." त्या रविवारी आम्ही सव्वीस जण डोंगरावर होतो.

ती तिसरी फेरी मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. काका नाहीत म्हटल्यावर मागे कोणी राहायचं, हा प्रश्न निघाला होता. सर म्हणाले, "सगळे तरणेताठे आहेत, शेपूट कशाला?" मी होकार दिला. उतरताना धुकं आलं. बस सुटायच्या बेतात असताना आमच्यात नवीन आलेली एक नर्स लंगडत थांब्यावर पोहोचली. पाय मुरगळला होता, फाट्यावर वाट चुकली होती आणि चाळीस मिनिटं ती एकटी हाका मारत होती. गालावर काट्याचा ओरखडा होता. सर म्हणाले, "अरे, तुम्ही मागे होतात होय?" ती खिडकीशी जाऊन बसली आणि पुन्हा कधी आली नाही. मी यादीतून तिचं नाव कमी केलं. विचारपूस काही केली नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चौथ्या महिन्यात काका आमच्या दवाखान्यात आले. दात दुखत असेल असं वाटलं. जिना चढून त्यांना धाप लागली होती. खुर्चीत बसून त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तू म्हणालीस माणसं जमत नाहीत. घे, चौदा जमवली."

तीन महिने ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवून सांगत होते, "आता लांबचं दिसायला लागलंय, तर लांब कुठेतरी जाऊन बघा की!" चौदा नावं होती आणि प्रत्येक नावापुढे त्यांच्या बारीक अक्षरात टीप. 'चढावर दम लागतो, घाई करू नये.' 'उंचीला घाबरतात, मध्ये ठेवावं.' 'एकट्या राहतात, बोलत राहावं.'

"बघते काका," एवढंच म्हणाले.

"बघते काय? उद्या मी सरांनाच फोन करतो. त्यांना म्हणतो, पुन्हा सुरू करा."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी काकांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. मनाचा मोठेपणा म्हणून गेले नाही. सरांना फोन गेला की माझं बिंग फुटणार, म्हणून गेले. काका काच घासत होते. मी यंत्राच्या आवाजातच सगळं बोलून टाकलं. क्लब चालू आहे, तिन्ही फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीला तर सव्वीस माणसं होती, तुम्हाला नको म्हणायचं मला जमेना म्हणून खोटं बोलले. त्यांनी यंत्र बंद केलं. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे तीन फेऱ्या झाल्या," ते म्हणाले. "मग मागे कोण होतं?"

"कोणी नव्हतं, काका."

"सव्वीस माणसं, आणि मागे कोणी नाही?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"अगं, मला सांगितलं असतंस तर मी कोणाला तरी शिकवलं असतं. माझा गुडघा गेलाय हे मला काय तुझ्याकडून कळायला हवं होतं?" त्यांचा आवाज आता चढला. "कोणी राहिलं का मागे? खरं सांग."

मग नर्सचं सांगितलं. चाळीस मिनिटं, धुकं, ओरखडा, सगळं. काकांनी चष्मा काढून ठेवला. माझ्या खोट्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिच्याकडे जाऊन आलीस?"

"नाही."

"फोन?"

"नाही केला."

त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि कुलूप लावलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, गिऱ्हाइकांची वेळ. "पत्ता आहे ना तुझ्याकडे? चल."

मी त्यांच्या बरोबरीने चालायला गेले तर म्हणाले, "तू हो पुढे." मी पुढे झाले. दहा पावलांत त्यांच्या बुटांचा आवाज मागे पडला. कोपऱ्यावर थांबून मी वळून पाहिलं. एका हाताने भिंतीचा आधार घेत ते येत होते आणि या वेळी त्यात नाटक काहीच नव्हतं. दवाखान्याची वेळ टळून गेली. वीस मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला तासभर लागला आणि त्या तासात मी त्यांना एकदाही "चला" म्हणाले नाही. तेवढं तरी मी त्यांच्याकडून शिकले होते.

नर्स रात्रपाळी करून नुकतीच घरी आली होती. दार उघडून तिने मला ओळखलं आणि तिचा चेहरा कठोर झाला. मग तिने काकांकडे पाहिलं. "हे कोण?"

काका माझ्याकडे वळले. ते माझी वाट पाहत होते.

"हे आमच्या क्लबाचं शेपूट," मी म्हणाले. "यांच्या मागे बावीस वर्षांत कोणी राहिलं नाही. मी यांना खोटं सांगून घरी बसवलं, म्हणून तुम्ही डोंगरावर एकट्या राहिलात. चूक माझी आहे."

ती दारातच उभी राहिली. नंतर बाजूला होऊन तिने काकांचा हात धरला, त्यांना आत नेलं आणि खुर्ची दिली. गुडघ्याकडे बघून विचारलं, "कधीपासून दुखतोय?" काका सांगू लागले, ती खाली बसून ऐकू लागली.

मला ती 'बसा' म्हणाली नाही. मी उंबऱ्याशी उभीच राहिले. मी तिच्या जागी असते तर मीही म्हणाले नसते.