दुधे बाईंचा बिनबटणाचा माईक

माईक हातात आल्यावर 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' असं न म्हणणारं एकच माणूस मी आमच्या आदिलाबादेत पाहिलं, ते म्हणजे दुधे बाई. आमच्याकडचा पुढारी माईक मिळाला की आधी त्यावर टिचकी मारतो, मग फुंकर मारतो, मग घसा खाकरतो, आणि एवढं सगळं झाल्यावर त्याच्याकडे बोलण्यासारखं काही उरत नाही. बाई माईक घेत, गर्दीवरून नजर फिरवत आणि एखादं ओळखीचं माणूस गाठत. बहुतेक वेळा ते जयंती समितीचे अध्यक्ष वामनरावच असत. "वामनराव, सभेले येऊन बसले तुमी, पण घरची मोटार चालू ठेवून आले. टाकी भरून पाणी नालीत जाऊन राह्यलं." वामनराव लगबगीनं घराकडे पळत, मैदान हसे, आणि बाई साउंडवाल्याला सांगत, "शब्द सुटा येऊन राह्यला. राहू द्या असाच."

एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं. "सर, हॅलो म्हटलं तं कोणी कान देत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याच्या घरचं पाणी सांडते, तो मांगच्या कोपऱ्यात बसला असन तरी ऐकते. त्याले समजलं म्हणजे माईक बरा."

आम्ही दोघं नेरडीगोंड्याच्या बाजूच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो. त्या मराठी, मी गणित. सकाळची बसही एकच. मी मावला गावचा, वांगी-भेंडी पिकवणाऱ्या घरातला. गाण्याशी माझा संबंध पेटीपुरता. मी पेटी वाजवतो हे बाईंना कुठून तरी कळलं तेव्हा त्यांनी विचारलंबिचारलं नाही. "रविवारी पेटी घेऊन विहारात या," एवढंच म्हणाल्या. त्या रविवारपासून मी त्यांच्या गायन पार्टीत आहे, आणि मला कोणी नेमलं होतं की पकडून नेलं होतं हे अजून ठरलेलं नाही.

बाईंची आई शेतमजूर. कापूस वेचताना ती गायची, आणि तिचं गाणं रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाड्यांना ऐकू जायचं असं बाई सांगत. "मायले माईक कोणी देल्ला नाही, म्हणून तिनं आवाजच मोठा ठेवला." या आईवर बाईंनी स्वतः एक गाणं रचलं होतं. एप्रिलातल्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या मैदानावर शेवटचं गाणं तेच व्हायचं. ते झाल्याशिवाय माणसं चटया गुंडाळत नसत. मी पेटीवर कधी हरकत घ्यायला गेलो की बाई डोळ्यांनीच दटावत आणि नंतर बसमध्ये ऐकवत, "सूर चुकला तं लोक माफ करतात, सर. शब्द हरवला तं घरी जातात."

आमची शाळा हमरस्त्याला लागून. दिवसभर ट्रक. कविता अर्ध्यावर आली की नेमका एखादा भोंगा वाजवत जाणार. बाई भोंग्याच्या वर आवाज चढवून कविता पुरी करत. वर्षानुवर्षं त्यांनी ट्रकांशी अशी बरोबरी केली आणि शेवटी ट्रक जिंकले. घसा बसला तो उठेचना. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात गाठी सांगितल्या, लहानसं ऑपरेशन केलं आणि बजावलं, की आवाज येईल पण लहान येईल, आणि यापुढे ओरडायचं नाही म्हणजे नाही. आवाज आला तो खरंच एवढासा होता, पांघरुणातून बोलल्यासारखा. मला फार वाईट वाटलं. बाईंनाही वाटलं असणार, पण त्या म्हणाल्या, "गिरदावर साहेबांचे सुखाचे दिवस आले."

गिरदावर साहेब म्हणजे त्यांचे यजमान गुणवंतराव. महसूल खात्यात गिरदावर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांची शेतं मोजली, त्यामुळे भाजी आणायला गेले तरी आधी बाजाराचा मुआयना, म्हणजे सरकारी थाटाची पाहणी, करणार. बायकोवर त्यांचा जीव, फक्त तो कोणत्या नमुन्यात लिहावा हे त्यांना कधी समजलं नाही.

जयंती जवळ आली तसे वामनराव बाईंकडे चहाला आले. बराच वेळ उन्हाळ्यावर बोलून झाल्यावर म्हणाले, "बाई, यंदा तुमी आराम करा. यवतमाळची पार्टी सांगू. तुमचा आपण सत्कार करू."

"सत्कार मेल्यावर करा," बाई बारीक आवाजात म्हणाल्या. "यंदाई मायचं गाणं मीच गाईन."

वामनराव वाईट माणूस नव्हेत. आठवड्यावर जयंती, त्याआधी मैदानावर एकदा तालीम करू, आवाज पोचला तर तुम्हीच, असं ठरवून ते उठले. बाईंनी त्या रात्री मला फोन केला. "सर, हे गाणं मी नाही म्हटलं तं दुसरं कोण म्हणन? यवतमाळवाल्याईले माझी माय थोडीच माईत हाय?"

आता गुणवंतरावांनी प्रकरण हाती घेतलं. आवाज लहान झाला, तर माईक मोठा पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब. मोबाईलवर त्यांनी कितीतरी व्हिडिओ पाहिले आणि हैदराबादेतल्या भाच्याकडून एक माईक मागवला. तो मखमली पेटीत आला. "सुई पडली तरी पकडते हा," ते मला म्हणाले. "ज्याची नजर बारीक तोच खरा गिरदावर."

तालमीला साउंडवाल्यानं तो माईक पाहिला आणि कपाळाला हात लावला. "साहब, ये रेकॉर्डिंग का माईक है, बंद कमरे का. मैदान में रुलाएगा." झालंही तसंच. चालू करताच शिट्टी अशी वाजली की झाडावरचे कावळे उठले. मग साउंडवाल्यानं स्पीकर नेऊन मैदानाच्या पार टोकाला ठेवले तेव्हा कुठे शिट्टी थांबली. बाई गाऊ लागल्या. माईक खरोखर काही सोडत नव्हता. माझ्या पेटीचा भाता, ढोलकीवाल्याचा खोकला, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, सगळं मैदानभर येत होतं, आणि त्या बाजारात बाईंचा आवाजही होता.

पहिलं कडवं संपलं. बाई कोमट पाणी प्यायला थांबल्या. सगळं शांत झालं, आणि पलीकडच्या टोकाच्या स्पीकरमधून एक कुजबुज आली. "अध्यक्षसाहेब, खरं सांगू का, बाईचा आवाज आता राह्यला नाही. पण तिले नाही म्हणू नका. एक गाणं म्हणू द्या, मंग यवतमाळवाले घ्या."

गुणवंतराव वामनरावांना घेऊन माईकच्या अगदी मागे, स्टेजच्या कडेला बसले होते. आपलं बोलणं कुठे जाऊन आलं हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना. मी उगाचच पेटीचा भाता लावून घेतला. बाईंनी पेला खाली ठेवला. मी जवळ होतो. त्यांचे डोळे भरलेले मला दिसले. पण त्या म्हणाल्या, "माईक चांगला हाय, गिरदावर साहेब. फक्त मले गाणाऱ्याचा आवाज घेणारा पाह्यजे. हा तं घरवाल्याचाई घेते."

मैदान हसलं आणि सुटलं. घरी जाताना मात्र बाई मला म्हणाल्या, "तेईनं खोटं नाही सांगितलं, सर. म्हणून लागलं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही आदिलाबादच्या बाजारात साउंडच्या सामानाच्या दुकानात गेलो. साउंडवाल्यानं सांगून ठेवलं होतं, की स्टेजवर गाणाऱ्याचा साधा, हातात धरायचा माईक मागा; तो समोरच्या तोंडापुरतंच ऐकतो. बाईंनी नवऱ्यालाही सोबत घेतलं होतं. "मी काऊन?" गुणवंतरावांनी तीनदा विचारून पाहिलं. "तुमच्याबिगर माईकची परीक्षा होत नाही," बाई म्हणाल्या.

शेठनं एकेक माईक स्पीकरला जोडून दिला. स्पीकर दाराशी, तोंड रस्त्याकडे. बाईंनी पहिला माईक हातात धरला आणि गुणवंतरावांना माईकच्या मागच्या अंगाला उभं केलं.

"बोला."

"काय बोलू?"

"तेच. अध्यक्षाले बोलले ते."

गुणवंतराव माझ्याकडे पाहू लागले. मी छताच्या पंख्याकडे पाहू लागलो. शेवटी ते काहीतरी पुटपुटले. "जोरानं," बाई म्हणाल्या. तेव्हा तो बिचारा माणूस डोळे मिटून बोलला, "बाईचा आवाज आता राह्यला नाही." स्पीकरनं ते सगळ्या रस्त्याला सांगितलं. समोरचा भजीवाला झारा हातात धरून कोणाची बाई म्हणून पाहत राहिला. "हा नको," बाई म्हणाल्या. दुसऱ्या माईकमधून तेच वाक्य जरा कमी आलं, पण बाईंनी हात हलवताच बांगड्यांचा आवाज भांडी घासल्यासारखा येऊ लागला. तोही नको. तिसऱ्यामागे गुणवंतराव बोलले तेव्हा स्पीकर गप्प. त्यांनी आपणहून आणखी मोठ्यानं म्हटलं, तरी जवळजवळ काही आलं नाही. हात हलवला, बांगड्याही नाहीत.

"मेडम, उसमें बटन नहीं आता," शेठ म्हणाला. "दूसरा बटनवाला देता मैं. सब लोग वोहीच लेते."

"बटन रहा तो कोई भी बंद करता, सेठ," बाईंनी आपल्या हिंदीत सांगितलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "गाणं चालू असताना दुसऱ्याचा अंगठा पडते अन् आपुन मुके होतो. बंद कराचं असन तं मी तोंड बंद करीन."

पण खरी परीक्षा पुढेच होती. बाईंनी आईच्या गाण्याची ओळ म्हटली आणि स्पीकरमधून ती अगदी उपाशी आली. त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर त्यांनी माईक हातभर लांब धरला होता, कारण जवळ धरला की आवाज फाटायचा. त्या मोठ्या आवाजाची ती सवय लहान आवाजालाही लागून राहिली होती. शेठनं खुणेनं सांगितलं, जवळ घ्या, अजून जवळ. बाईंनी माईक ओठांपासून दोन बोटांवर आणला. गायचा धीर झाला नसावा. त्या नुसतं हळूच म्हणाल्या, "गिरदावर साहेब, चहा घेता का?"

तो आवाज मी कधी विसरणार नाही. स्पीकरमधून ऑपरेशनच्या आधीची दुधे बाई आली, तशीच भरलेली आणि खालच्या सुरातली, फक्त आता कोणाला लांबून हाका न मारणारी. गुणवंतरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"घेतो," ते म्हणाले.

पुढचे दिवस हाताला वळण लावण्यात गेले. सूर चढला की बाईंचा हात आपोआप लांब जाई आणि मी पेटीवरून खोकून आठवण देई. "आजवर मी लोकांले हाका मारत होती, सर," त्या म्हणायच्या. "आता कानात सांगाचं हाय. हे जास्त कठीण हाय."

जयंतीला मैदान भरलं. वामनरावांनी सावधगिरी म्हणून यवतमाळची पार्टीही बोलावून स्टेजच्या बाजूला बसवली होती. बाई पांढऱ्या साडीत, निळ्या काठाच्या, डब्याच्या पिशवीतून माईक काढत वर आल्या. साउंडवाल्यानं तो जोडला. सवयीप्रमाणे त्या गर्दीत कोणाला तरी शोधू लागल्या, इतक्यात गुणवंतराव खुर्चीवरून उठले. सरळ स्टेजवर चढले, माईकच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात पाठीशी बांधून पूर्ण ताकदीनं बोलले, "बाईचा आवाज आता राह्यला नाही." मागच्यांना नुसते त्यांचे ओठ हलताना दिसले. स्पीकर ढिम्म.

बाईंनी एकदा मागे पाहिलं. मग माईक ओठांशी घेतला. "मांगचं काई ऐकू आलं का?"

अर्ध्या मैदानाला तालमीतली गोष्ट माहीत होतीच. "नाही," असा हसण्याचा लोट आला.

"मंग पुढचं ऐका," बाई म्हणाल्या आणि आईचं गाणं सुरू केलं. पूर्वी त्या ते गाणं मैदानावर सोडत. त्या दिवशी त्यांनी ते प्रत्येकाच्या शेजारी बसून सांगितलं. शेवटच्या चटईवरच्या बायांचे पदरानं वारा घेणारे हात थांबले होते. मी पेटीवर एकही हरकत घेतली नाही. घेता आलीच नसती, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा यवतमाळचा गायक अदबीनं पुढे आला आणि म्हणाला, "ताई, हाच माईक आमाले देता का?"

"घ्या," बाई म्हणाल्या. "बटण शोधू नका फक्त."

बाई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे निजामाबादेला राहायला गेल्या. मी अजून त्याच शाळेत आहे. ट्रक आला की मीही पूर्वी आवाज चढवायचो. आता शेवटच्या बाकाजवळ जाऊन उभा राहतो आणि हळू बोलतो. गणित पोरांना पूर्वीइतकंच येतं, पण माझा घसा शाबूत आहे.

दर एप्रिलला दोघं येतात. पिशवीत तोच माईक. बाईंचा आवाज दर वर्षी थोडा कमी होतो आणि माईक थोडा जवळ येतो. माईक तपासण्याची रीतही आता ठरून गेली आहे. ते वाक्य झाल्याशिवाय गाणं सुरू होत नाही. यंदा गुणवंतरावांना स्टेज चढवताना मला हात धरावा लागला. माईकच्या मागे उभे राहून त्यांनी दम घेतला आणि वाक्य म्हटलं, पण ते त्यांच्या मिशांतच राहिलं. पेटीवर बसून मलाही नीट ऐकू आलं नाही. मैदान वाट पाहत होतं. बाईंनी माईक खाली केला, मागे वळल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "जोरानं बोला, साहेब. माईकले नको, पण मले ऐकू येऊ द्या."