रेडियमच्या बाई आणि गुळाचा खडा

"तुमचा शास्त्रज्ञ कोण?"

कामावर आलेल्या नव्या माणसाला लोक गाव विचारतात, पाहुणे कोण ते विचारतात. कुपवाडच्या आमच्या फाउंड्रीत ग्राइंडर चालवणारे एक गृहस्थ मात्र गॉगल कपाळावर सरकवून हे विचारायचे. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न, "का?" या 'का'पुढे भलेभले गार पडत. दहावीत नापास, पण विज्ञानात पास, असं ते स्वतःच सांगत. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

एका वेल्डरनं बल्बवाल्याचं नाव घेतलं. "का रं?"

"त्याच्यामुळं नाईट शिफ्ट आली, मास्तर. शिव्या घालायला कुणीतरी पायजे का नगो?"

मास्तर पोट धरून हसले. हसता हसता खोकू लागले. तो खोकला तेव्हा आम्हाला त्या हसण्याचाच भाग वाटला.

मी तिथला स्टोअरकीपर. मला विचारलं तेव्हा मी सफरचंदवाल्याचं नाव घेतलं. का, ते काही सांगता येईना. "आवं, परीक्षेत ईत हुता म्हणून!" असं म्हणून त्यांनीच माझी सुटका केली.

त्यांच्या स्वतःच्या शास्त्रज्ञ म्हणजे रेडियम शोधणाऱ्या बाई. खंडेनवमीला आम्ही सगळे आपापल्या मशीनला हळदकुंकू लावतो. मास्तर एक फूल ग्राइंडरला वाहायचे आणि एक लॉकरच्या दारावर चिकटवलेल्या बाईंच्या फोटोला. काळा झगा, विस्कटलेले केस, कुंकू नाही. क्रेनवाल्यानं मला हळूच विचारलं होतं, "मास्तरांची सासू मिशनरी हुती का वं?"

"का?" मीही एकदा त्यांना विचारलं.

"पडक्या शेडात काम केलं बाईंनी. आपल्यावानी. वरनं गळायचं. दगडाची भुकटी उकळायची आन् मानसाएवढ्या लोखंडी दांड्यानं दिवसभर ढवळायची. डोकं लय लोकांना असतंय, सायेब. बाईंनी हात लावला." मग म्हणाले, "त्यातनंच दुखणं लागलं त्यास्नी. पर त्यास्नी ठावं न्हवतं. आपल्याला ठावं हाय."

ठावं होतं ते असं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव लोखंडी भागाला, वाळू चिकटलेली असते. ग्राइंडरवर ती घासली की पिठासारखी धूळ उडते. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे गूळ. सुट्टीची घंटा झाली की घासकामाची माणसं स्टोअरच्या खिडकीशी येतात आणि मी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. गुळानं धूळ खाली उतरते, असं सगळे मानतात. मीही मानत होतो.

मास्तर खडा घ्यायचे, तोंडात टाकायचे आणि रोज न चुकता म्हणायचे, "गूळ जातोय पोटात, धूळ जातीया छातीत. दोन रस्ते येगळं हायत, गड्या." मग "पर ग्वाड हाय" म्हणत निघून जायचे.

एक दिवस त्यांनी वहीच्या कागदावर चिठ्ठी लिहून आणली. धूळ ओढून घेणारा पंखा आणि चांगले मास्क मागवावेत, खाली सही. "तुमचं ऑफिसात जाणं-येणं असतंय. सायबांच्या हातात द्या."

त्याच महिन्यात माझी नोकरी पुढं चालू ठेवायची की नाही, हे ठरायचं होतं. चिठ्ठी मी टेबलाच्या खणात ठेवली. उद्या देऊ, परवा देऊ, करत तिथंच राहिली.

"काय म्हणालं सायेब?"

"बघतो म्हणाले."

हे खोटं मी किती वेळा बोललो, ते मला आता आठवत नाही. माझी नोकरी पक्की झाली. त्यानंतर तर चिठ्ठी द्यायला काहीच हरकत नव्हती. तरीही दिली नाही, कारण एवढे दिवस काय करत होतो, असं साहेब विचारतील अशी भीती वाटली. वाचणाऱ्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं.

पुढे मास्तरांना आष्ट्याच्या घरून गाडीवर कामाला येणं झेपेना. मी भेटायला गेलो, तेव्हा ते खाटेवर उशांना टेकून बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी होती. फुप्फुसात वाळू बसली आहे आणि ती आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी उशाखालचा एक्स-रे काढून खिडकीकडे धरला.

"लढाईत बाई गाडी घिऊन असलंच फोटू काढत फिरल्या, जखमी शिपायांचं." दम खाऊन पुढे म्हणाले, "हितं बघा. सगळी फाउंड्री दिसतीया."

मी बघितल्यासारखं केलं. निघताना त्यांनी माझा हात धरला. "कुनी काय केलं न्हाई, सायेब. तुमी तरी चिठ्ठी दिलीसा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो मी प्यालो आणि सांगलीला परत आलो. आठवड्याभरानं मास्तर गेले.

त्यांचा लॉकर आता दुसऱ्याला मिळाला आहे. बाईंचा फोटो खरवडून निघाला नाही, म्हणून त्यावर कॅलेंडर लावलंय. चिठ्ठी अजून माझ्या खणात आहे. ती घेऊन मी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

काल सुट्टीची घंटा झाली. मास्तरांच्या ग्राइंडरवरचा नवा माणूस खिडकीशी आला. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या, बोलता बोलता खोकला.

"सायेब, आज जरा मोठा खडा द्या. घशात लय खवखवतंय."

मी डब्यातला सगळ्यात मोठा खडा शोधून त्याच्या हातावर ठेवला.