सीमा सिस्टर मेलेल्यांशी बोलते

सीमा सिस्टर मेलेल्यांशी बोलते, ही आवई तालुक्यात पसरवायला मीही हातभार लावलाय. खोटं कशाला सांगू? सरकारी दवाखान्यात मी जातो ते भांडायला, आणि माझ्या आवाजाला न दबणारी तिथं ती एकटीच.

त्या सकाळी मांडवगण फराट्याचा दगडोबा बायकोला जीपमध्ये घालून आला. अनसाबाईच्या पोटात पहाटे कळ आली, मग पापण्या पडायला लागल्या, मग बोलणं तोंडातच राहिलं. दारात आणेपर्यंत श्वास थांबला. सीमाताईनं तोंडावर मास्क बसवला आणि रबरी फुगा हातानं दाबत श्वास द्यायला लागली.

डॉक्टर नवे. त्यांनी पापणी उचलून बॅटरी मारली. बुबुळ काचेसारखं, जागचं हललं नाही. जोरात चिमटा काढला. काही नाही.

"मेंदू गेलाय," ते म्हणाले.

"नाडी चालूय, सर. मण्यार चावलीय."

"खूण कुठंय?"

"मण्यारीची खूण लय वेळा दिसतच न्हाई. खाली जमिनीवर झोपली हुती, मी इचारलंय. विषानं अंग लुळं पडतं, डोळेबी. माणूस आत जागा असतो."

मी दारातून ओरडलो, "मेलेल्या बाईला कशाला फुगवताय? घरी तरी जाऊ द्या!"

"नेतो घरी," दगडोबा पुटपुटला.

सीमाताई अनसाबाईच्या कानाशी वाकली. "मावशी, भिऊ नका. मी सीमा. श्वास मी देतीय. आता हातात सुई टोचणार हाय."

मिटल्या पापणीखालून पाणी आलं आणि कानापर्यंत ओघळलं.

"ते असंच येतं," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचा हात नाडीवर गेला. बराच वेळ तिथंच राहिला. मग म्हणाले, "सर्पदंशाचं औषध चालू करा. पुण्याला व्हेंटिलेटरवर पाठवू. तोवर फुगा थांबवायचा नाही."

सीमाताईनं मलाच ॲम्ब्युलन्समध्ये ओढलं. "भाषणं लय करता ना? दाबा आता."

पुण्यापर्यंत आम्ही आळीपाळीनं फुगा दाबत गेलो. माझा हात दहा मिनिटांत भरून येई. आणि सबंध वाटभर ती त्या थंडगार बाईला सांगत होती, आता शिक्रापूर आलं, आता वाघोली.

पाचव्या दिवशी अनसाबाईचं बोट हललं. महिन्यानं बाजारात भेटली. "वळखला मी तुमचा आवाज," एवढंच बोलली. मी कोथिंबीर तशीच टाकून निघालो.

तडक दवाखान्यात गेलो. "ताई, तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठं हुतं?" ती चादर घडी करत म्हणाली. "चार वर्सांमागं बाळासो म्हणून एक गडी आलता. असाच. नाडी चालू, पण खूण न्हाई, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, बास. फुगा माझ्या हातात हुता."

"मग?"

"कानाशी जाऊन सांगितलं त्याला. भाऊ, आता बंद करते."