पश्चिमेची जाळी

आमच्या अकोल्याच्या कॉलेजची इमारत स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत उभी राहिली. तिची पश्चिमेची भिंत म्हणजे विटांची सबंध जाळीच. उन्हाळ्यात शिपाई तिला बाहेरून वाळ्याच्या ताट्या बांधून पाणी मारायचे आणि परीक्षेच्या दिवसांतली झळ वर्गात शिरताना ओली, सुगंधी होऊन यायची. इथलं ऊन ओळखणाऱ्या माणसांनी ती भिंत रचली होती. पुढे ते शिपाई निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि ताट्या माळ्यावर कुजल्या.

काल सकाळी गवंडी जाळीची भोकं सिमेंटनं बुजवत होता. एसी बसणार आहे. एसीच्या अर्जावर पहिली सही माझी.

शेवटच्या भोकापाशी तो थांबला. भोकासमोर तळवा धरून म्हणाला, "सर, हात लावून पाहा. हवा अजून येऊन राहिली."

या उन्हात राहायची रीत आपल्याला येत होती. ती आपणच आपल्या हातानं पुसली. उद्या वीज गेली की वर्गाची भट्टी होईल, आणि मुलं म्हणतील, अकोला असंच आहे.

"बुजवू ना, सर?"

"बुजवा," मी म्हणालो, तेव्हा ती झुळूक माझ्या तोंडावरच येत होती.